वीगांटसाहेबांची अकराव्या दिवसाची बाटली

बाटलीतल्या चिठ्ठीवरची तारीख मी तीनदा वाचली. मग समोरच्या देणगीपत्रावरची मृत्यूची तारीख वाचली. मग चष्मा पुसला आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून वाचलं. फरक पडला नाही. चिठ्ठी ज्यांनी लिहिली होती, ते हेर, म्हणजे जर्मनमधले श्रीयुत, वीगांट त्या तारखेच्या अकरा दिवस आधी वारले होते.

अक्षर त्यांचंच होतं. त्यात शंका नव्हती. वीस वर्षं त्यांच्या बाटल्या आमच्याकडे येत होत्या. सातला मधोमध आडवी रेघ, चारचं टोक उघडं, आणि सगळं टोकदार पेन्सिलीनं, कारण पेन्सिल स्पिरिटमध्ये विरघळत नाही.

मी ड्रेस्डेनच्या एका संग्रहालयात प्रिपरेटर आहे. म्हणजे मेलेले किडे नीट ठेवायचे, हे माझं काम. आडनाव गोडबोले. स्वभाव तसा नाही, पण इथे अर्थ कोणाला कळत नसल्यामुळे चालून जातं.

हेर मानफ्रेड वीगांट हे लुडविग्सहाफेनचे. आयुष्यभर केमिस्ट, आणि निवृत्तीनंतर पूर्णवेळ भुंगेरे. जर्मनीत अशी माणसं बरीच. आपल्याकडे निवृत्त माणूस सोसायटीचा सेक्रेटरी होतो, इथला तळघरात भुंगेरे गोळा करतो. भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर ते दर वर्षी जायचे. बेटाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की लोक फावडं घेऊन निघतात.

त्यांना हवे असायचे ते मातीच्या आत राहणारे आखूड पंखांचे भुंगेरे. पावसाळ्यात ज्या किड्याच्या स्पर्शानं अंगावर फोड येतात, त्याच्याच खानदानातले, पण वेगळे. लांबी खसखशीच्या दीड दाण्याएवढी. डोळे नाहीत. डोळ्यांच्या जागी खाचही नाही, नुसतं गुळगुळीत डोकं. उडायचे पंख नाहीत. रंग फिक्या मेणासारखा. जन्मतात मातीत आणि मरतात मातीत, बाहेर कधी येतच नाहीत. त्यामुळे एका टेकडीवरची जात शेजारच्या टेकडीवर सापडत नाही. मायक्रोस्कोपखाली पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला किळस नाही, भीती वाटली होती. ज्याला आपण दिसत नाही, त्याच्याकडे फार वेळ बघवत नाही.

त्यांना पकडायची रीत साधी आहे. मोठ्या धोंड्याखालची माती काढायची, बादलीत पाण्यात ढवळायची, वर तरंगतो तो कचरा कापडी पिशवीत भरून घरी आणायचा. पत्र्याच्या मोठ्या फनेलमध्ये जाळी असते, तिच्यावर तो पसरायचा. वर बल्ब, खाली स्पिरिटचा कप. बल्बनं माती वरून सुकत जाते, किडे ओलाव्यामागे खाली खाली सरकतात, आणि शेवटी कपात पडतात. रोज सकाळी कप बदलायचा, आतलं बाटलीत ओतायचं, चिठ्ठी टाकायची. सगळ्यात खोल राहणारे किडे सगळ्यात शेवटी येतात. कधी आठवड्यानं, कधी त्याहून उशिरा.

तर त्या मृत्यूनंतरच्या बाटलीत एक भुंगेरा होता. एकच. नर.

ही साधी गोष्ट नव्हती. या किड्यांच्या जाती बाहेरून सारख्याच दिसतात. नराचं जननेंद्रिय सोडवून पाहिल्याशिवाय जात सांगता येत नाही. लग्नाच्या बाजारात मुलाचं इतकं बारकाईनं कोणी बघत नसेल. मी ते सोडवलं. तसा आकार आमच्या कोणत्याही पुस्तकात नव्हता. जात नवी होती. आणि ज्या टेकडीची ती माती होती, ती टेकडी रस्त्यासाठी आता फोडून झाली होती. दुसरा नर मिळायचा प्रश्नच नव्हता.

माझे साहेब डॉ. क्राउझे यांना मी दोन्ही तारखा दाखवल्या.

"आल्झो, तर मग," ते म्हणाले, "मेलेला माणूस चिठ्ठ्या लिहीत नाही, फ्राऊ गोडबोले."

"आधी लिहून ठेवल्या असतील. काही लोक ठेवतात."

"गेनाऊ, बरोबर. पण बाटलीत कोणी टाकल्या?"

"बायकोनं असेल."

"त्यांच्याकडे चार फनेल होते. चार टेकड्यांची माती. बाईंनी कप इकडचा तिकडे केला असेल तर ही जात कुठली, हे कोणाला ठाऊक? जागा पक्की नाही, तर नाव नाही. बाटली बाजूला ठेवा."

बाजूला ठेवा म्हणजे काय, ते मला माहीत होतं. आमच्याकडे त्यासाठी एक कपाट आहे. त्यात ठेवलेलं पुन्हा बाहेर काढलेलं मी पाहिलेलं नाही. एका माणसाचं शेवटचं काम, आणि पृथ्वीवरून गेलेली एक जात, दोन्ही त्या कपाटात जाणार होती. मला राग आला. क्राउझेंचं बरोबर होतं, म्हणून जास्तच आला.

देणगीपत्रावर सही होती शैला वीगांट. मी फोन लावला आणि रीतसर जर्मनमध्ये नाव सांगितलं. पलीकडून मराठीत आवाज आला, "गोडबोले? कुठल्या गं तुम्ही?"

शैलाताई मूळच्या कोल्हापूरच्या, पंचेचाळीस वर्षं लुडविग्सहाफेनमध्ये. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी पोहे केले होते. माझी गाडी दोन तास उशिरा पोचली, तोवर ते दोनदा गरम करून झाले होते. मी घास घेतला आणि आडवळण न घेता विचारलं, "ताई, ते गेल्यावर कप कोण बदलत होतं?"

"मी."

"तुम्हाला यातलं येत होतं?"

"छे गं. चाळीस वर्षं मी त्या केलरमध्ये, तळघरात, पाऊल ठेवलं नव्हतं. मला किड्यांची शिसारी. हे वर यायचे तर आधी हात धुवायला लावायची." मग त्या उठल्या. "चल, दाखवते. नाहीतर तुला पटायचं नाही."

बाहेर लख्ख ऊन होतं. जिना उतरलो आणि ऊन संपलं. जर्मन तळघर, प्रत्येक वस्तू जागच्या जागी. रबरी बूट जोडीनं भिंतीला लावलेले, टाचा आत. टेबलावर चार फनेल, त्यांवर तांबड्या रंगात आकडे: एक ते चार. समोर एक लाकडी खुर्ची. मी टेकायला गेले तर शैलाताई म्हणाल्या, "तिथे नको." मग मला कळलं. ते सकाळी कप बदलायला खाली आले होते आणि त्याच खुर्चीत गेले होते.

मी फनेलच्या आत डोकावले. एक, तीन आणि चारमध्ये ओल तशीच राहून पांढरी बुरशी दाटून आली होती, कापूस पिंजून भरावा तशी. दोनमधली माती मात्र कोरडी ठणठणीत, बोट लावताच भुगा होणारी.

"बाकीचे तीन बंद केलेत?"

"त्याच दिवशी."

"आणि हा?"

"हा तेरा दिवस चालू ठेवला." त्या मान वळवून बोलत होत्या. "तू हसशील. माणूस गेला त्या जागी दिवा नको का? दहा दिवस तरी? इथे कुठला भटजी आणि कुठलं काय. हॉलमध्ये फुलं, फोटो, शेजाऱ्यांची कार्डं. पण गेले ते इथे. आणि इथे समई लावायची कशी? सगळीकडे स्पिरिटच्या बरण्या. हे केमिस्ट. घर पेटवलं असतं तर वरून सुद्धा ओरडले असते."

"म्हणून बल्ब."

"म्हणून एकच बल्ब. दिवा एकच लावतात ना. मुलगी फोनवर रोज सांगायची, ममा, लिश्त आउस, बिट्टे. दिवा बंद कर म्हणे. मी म्हटलं, तुझे बाबा अंधारात बसतील का?"

मी हसले नाही. मी आयुष्यात कधी असा दिवा लावलेला नाही; आईच्या वेळीही नाही, मी इथे होते. एवढं मात्र कळलं की एकच फनेल चालू असेल, तर कप इकडचा तिकडे व्हायचा प्रश्नच येत नाही.

"दोन नंबरच का?" मी विचारलं. हे विचारणं भाग होतं.

त्यांनी टेबलावरची वही उघडून दिली. शेवटच्या पानावर शेवटची ओळ, तीच टोकदार पेन्सिल: दोन, अजून काही नाही.

"ते त्याची वाट बघत होते," शैलाताई म्हणाल्या. "मग तोच चालू ठेवला."

कप कसा बदलायचा, हे भिंतीवर लिहिलेलं होतं. सात पायऱ्या, मोठ्या अक्षरांत. स्वतः तीस वर्षं तेच काम करणारा माणूस स्वतःसाठीच सूचना चिकटवून ठेवतो, याला म्हणतात जर्मन. पायरी सहा: दिवसाची चिठ्ठी टाक. चिठ्ठ्या खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत होत्या. शैलाताईंनी ती यादी पोथीसारखी पाळली होती. जे दिसेल ते बाटलीत, मान फिरवून.

मी डबी टेबलावर ओतली आणि चिठ्ठ्या लावायला बसले, अर्थात उभ्यानंच. एक, तीन आणि चार नंबरच्या चिठ्ठ्या त्यांच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून पुढे सगळ्या शिल्लक. दोन नंबरच्या तेरा दिवसांच्या गायब, चौदाव्यापासून पुन्हा सगळ्या हजर. आमच्याकडे ड्रेस्डेनला आलेल्या त्या काळातल्या बाटल्या तेराच होत्या, सगळ्या दोन नंबरच्या. मी दोनदा मोजलं. जुळत होतं.

जुळलं याचा आनंद व्हायला हवा होता. पण समोर त्या चिठ्ठ्यांच्या चार ओळी होत्या. मंगळवार, बुधवार, गुरुवार. जे दिवस त्या माणसाला मिळाले नाहीत, ते त्यानं आधीच एकेक करून, सातला आडवी रेघ देऊन लिहून ठेवले होते. मला त्या तळघरातून वर जावंसं वाटलं. मी फोटो काढले आणि चिठ्ठ्या भराभर डबीत भरल्या.

"झालं का तुझं काम?"

"झालं. नरही मिळाला आणि जागाही."

"कितव्या दिवशी मिळाला तो?"

"अकराव्या."

पदराला हात पुसावा तसा त्यांनी स्वेटरला हात पुसला आणि फोन काढला. "मग हे बघ. मुलीला पाठवला होता, तिनं काही उत्तर दिलं नाही."

फोटोत फनेल दोन होता. कपाखाली स्टीलचं ताट, ताटात तांदळाचं पीठ पातळ पसरलेलं. दिव्याखाली पीठ ठेवतात, त्यात पाऊल उमटतं का बघतात. माणसाचं, पक्ष्याचं, कशाचं. आमच्या आजोळीही बघायचे. शैलाताईंनी दहाव्या दिवशी संध्याकाळी ते पसरलं होतं आणि अकराव्या सकाळी फोटो काढला होता.

पिठात एक रेघ होती. कपाच्या कडेपासून निघून ताटाच्या काठापर्यंत. केसाएवढी बारीक.

"म्हणजे दोन आले," मी म्हणाले. "एक कपात पडला, दुसरा कपाबाहेर. तो चालत गेला." मी फार शांतपणे म्हणाले असं मला वाटतं. मग मी फोटो मोठा केला.

हे किडे मी जिवंतही पाहिले आहेत. पीठ असो, कागद असो, आंधळा किडा सरळ चालत नाही. चाचपडतो, वळतो, स्वतःभोवती गोल फिरतो. ही रेघ पट्टीनं ओढावी तशी सरळ होती. आणि ताटाच्या ज्या काठाला ती संपत होती, त्याच्या पलीकडे ती खुर्ची होती.

"उजेडापासून पळतात ते," मी म्हणाले. "ओलावा शोधतात."

"असेल," शैलाताई म्हणाल्या. "तुला जास्त कळतं."

ड्रेस्डेनला परतल्यावर मी डॉ. क्राउझेंना दोन पानी टिपण दिलं. बुरशीचे फोटो, चिठ्ठ्यांचे फोटो, वहीतली ओळ, आणि एकच बल्ब का चालू होता त्याचं कारण. ते कारण त्यांनी दोनदा वाचलं. "म्हणजे बाईंनी प्रयोगाच्या अटी पाळल्या," ते म्हणाले. "ठीक, चालेल." जातीला वीगांटांचं नाव मिळालं. बाटलीत मी दुसरी चिठ्ठी टाकली, पेन्सिलीनं: माती मानफ्रेड वीगांट यांनी काढली, भुंगेरा शैला वीगांट यांनी काढला. क्राउझेंनी भुवया उंचावल्या, पण खोडलं नाही.

बातमी सांगायला फोन केला, तेव्हा शैलाताई आधी रडल्या, मग म्हणाल्या, "किती लिहिलेस?"

"काय किती?"

"नग. किती मिळाले असं लिहिलंस?"

"एक."

"दोन होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही ठेवलात तो तुमचा. दुसरा मी शोधला नाही. केलर झाडलंही नाही त्यानंतर."

मी एकच लिहिला आहे आणि एकच राहील. आमच्या धंद्यात जो बाटलीत आहे तो मोजायचा, जो चालत गेला त्याला रकाना नाही. नियम बरोबर आहे, आणि नव्या मुलांनाही मी तोच शिकवते. फक्त हल्ली आमच्या संग्रहालयाच्या तळघरात जाताना मी आधी दिवा लावते, क्षणभर दारात थांबते, आणि पाऊल कुठे पडतंय ते बघून टाकते.