आईची जागा हलवली तेव्हा

शेफाली बैद्य लग्न होऊन सुंदरबनातल्या या बेटावर आली, तेव्हापासून बांधावरचं बोनबीबीचं, म्हणजे रानात माणसांना राखणाऱ्या आईचं, थान तीच सारवत आली. गवताच्या छपराखाली मातीची आई, पायाशी मामा. वाघ हा शब्द इथे कुणी तोंडातून काढत नाही, मामाच म्हणतात. मध काढायला रानात जाणारा हिंदू असो की मुसलमान, आईपुढे बत्तासे ठेवूनच नावेत पाय टाकतो. मग माणसं परत येईपर्यंत मूर्ती हलवायची नाही. आई त्यांच्याबरोबर गेलेली असते, परतताना तिला आपली जागा सापडली पाहिजे. सासऱ्यांना मामाने नेलं त्या साली कुणीतरी मूर्ती रंगवायला उचलली होती, असं सासू मरेपर्यंत सांगायची.

आणि नेमकी माणसं रानात असताना नदीने बांध पोखरायला घेतला.

शेफालीचा नवरा निताई आणि शेजारच्या सकीना चाचीचा मुलगा जब्बार एकाच नावेत होते. भरती चढली, थानाच्या कडेची माती ढासळून पाण्यात गेली, तसं शेफालीने चाचीला बोलावून आणलं.

"चाची, उचलली तर आई चुकेल. नाही उचलली तर वाहून जाईल."

"मग नुसती थरथरून नदी मागे जाणार आहे का?" चाचीने पदर खोचला.

"माझ्या अंगणात पाणी शिरलंय. ठेवायची कुठे?"

"माझ्या भाताच्या खोलीत. उंचावर आहे."

"मौलवीसाहेब बोलतील."

"बोलू देत. आधी बांध धरायला या म्हणावं."

दोघींनी मूर्ती उचलली. वजन फार नव्हतं. निताईच्या पाठीवरचा आईचा हात आपणच काढून घेतला, असं शेफालीला वाटत राहिलं. खोलीत पाट मांडला, दिवा लावला, तरी ती उंबऱ्यातच उभी.

"आता तिला सांगणार कोण, कुठे आणलीय ते?"

चाचीने तिचा हात धरला. मग म्हणाली, "चल, आपणच सांगू."

बांधावर परत जाऊन दोघी पलीकडच्या रानाकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"आई, सकीनाच्या घरी ये," शेफालीने हाक घातली. "तीन ताडांच्या मागे, पत्र्याचं दार."

"आमच्या दोघांना पुढे घाल, तू मागून ये," चाची ओरडली.

रानातून काहीच आलं नाही. वारा उलटा होता, ऐकू गेलं नसेल. शेफालीने पुन्हा पहिल्यापासून पत्ता सांगायला घेतला.