कोपरा फाडलेलं कार्ड

माझा दाजी गणपतराव हेरकथा लिवायचा. एसटी स्टँडवर त्याची पुस्तकं गरम भज्यागत खपायची. लोकांना लई कौतुक, मला न्हाई. मेल्या माणसाला वाईट बोलू नये म्हणत्यात, मी बोलणार. त्यो दोनदा मेला, आणि पहिल्यांदा मेला तवा माझ्या चिमणाआक्काचा संसार घेऊन गेला. दुसऱ्यांदा मेल्याचं कुणाला काय वाटायचं हाय?

पूर्वी कुणी वारलं की कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड यायचं. ते उंबऱ्याबाहेरच वाचायचं, घरात न्यायचं न्हाई, आणि आंघोळ करायची. दाजी गारगोटीला जातो म्हणून गेलेला, आणि एका सकाळी गंगावेशीतल्या घरी आक्काच्या हातात तसलं कार्ड पडलं. 'गणपतराव गारगोटीत वारले. अग्नी दिला.' आक्कानं उंबऱ्यातच बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. सगळी गल्ली जमली.

संध्याकाळी दाजी समोरच्या लॉजच्या जिन्यावरनं खाली आला, हातात वही. "अगं, मी हाय की! पुढच्या पुस्तकात हिरो मरायचं सोंग करतोय. बायको कशी रडती, ते खिडकीतनं बघत हुतो." कार्ड त्यानंच डाव्या हातानं लिवलेलं. उंबऱ्यातनं उचलून त्यानं ते फायलीत जपून ठेवलं. चार लोक हसलेबी, मुडदा बशिवला त्यांचा!

आक्का हसली न्हाई. तिनं परत कुंकू लावलं न्हाई, बांगड्या भरल्या न्हाईत. भाकरीचं ताट सरकवायची, पण बोलायची न्हाई. पितृपंधरवड्यात त्याच्या नावानं घास ठेवायची. कावळा खायचा आणि ह्यो सोप्यात बसून बघायचा. "आक्का, सोड की आता," मी लई विनवलं. "ज्याला रडले त्यो गेला," म्हणायची. अख्खं आयुष्य असंच काढलं बाईनं.

मग दाजी खरंच मेला, आणि यंदा त्याचा पुतण्या सम्राट दाजीचा पत्रसंग्रह छापायला निघाला. वारस म्हणून आक्काची सही पाहिजे हुती. आक्का म्हणाली, "सगळी पत्रं छाप, ते कार्ड तेवढं नगं. माझं रडणं एकदा इकलंय त्यानं, तू इकू नगंस." सम्राटनं तिच्या पायाला हात लावून शब्द दिला. मी म्हटलं, सही करू नगंस, त्याच रक्ताचं हाय. "मी वाढवलेलं पोरगं हाय," म्हणाली आणि सही केली.

परवा सम्राट पेढे आणि पुस्तक घेऊन दारात उभा. मुखपृष्ठावर तेच कार्ड! "काकी, प्रकाशक म्हणाले, यानंच खपतंय. गंमत हाय गं सगळी."

माझं टाळकं सरकलं. मी त्याची गचांडी धरणार, तवर आक्कानं मला आडवा हात घातला. उंबऱ्याच्या आतनंच तिनं पुस्तक घेतलं, मुखपृष्ठाचा कोपरा टर्रकन फाडला आणि पुस्तक बाहेर पायरीवर ठेवलं.

"आकाराम, बंब पेटव. आंघोळ करायची हाय."

"कोण गेलं?" मी विचारलं.

"सम्राट."

पोरगं पांढरंफटक पडलं. "काकी, असं काय करतीस? मी हितं हाय की!"

"त्योबी असंच म्हणाला हुता," आक्का मला म्हणाली, आणि दार लावून घेतलं.