चुंबळीवरचे बिल्ले

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा मी पंचविशीत होतो, बेकार होतो आणि ब्रिटिश सैन्याच्या टोपीवरचे बिल्ले जमवत होतो. त्या वेळी अख्ख्या जिल्ह्यात हा नाद असलेला दुसरा माणूस नव्हता, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो.

बिल्ले येत उदगीरच्या बाजारातून. थंडीत तिथे विलायती जुन्या कपड्यांच्या गाठी फुटायच्या. स्वेटर, कोट हातोहात जायचे आणि तळाला लष्करी लोकरी टोप्या उरायच्या, काहींना बिल्ला तसाच लटकलेला. आमच्या उन्हात लोकरीची टोपी कोण घालतंय? पण त्या साली पावसानं दगा दिला, आड आटले, टँकर सुरू झाले आणि बायांनी टोप्यांचा उपयोग शोधून काढला. टोपी दुमडली की घागरीखाली झकास चुंबळ होते. मऊ, आणि घसरत नाही.

त्यामुळे टँकर आला की आमच्या गल्लीत ब्रिटिश फौज उभी राहायची. कुणाच्या कपाळावर घोडा, कुणाच्या तीन पिसं, कुणाच्या वीणा. ती वीणा नव्हे, आयर्लंडकडचं तारांचं वाद्य आहे, हे मी कितीदा सांगितलं. कुणी ऐकलं नाही. मी हैदराबादच्या फुटपाथवरून आणलेलं बिल्ल्यांचं चित्रांचं पुस्तक उघडं धरून रांगेजवळ उभा राहायचो.

"मावशी, जरा मान वळवा," मी एकदा शेजारच्या मावशींना म्हणालो. "तुमचा घोडा डावीकडं पळतोय का उजवीकडं, ते बघायचंय."

"मुडद्या, पाणी भराय आलास का बाया बघाय? थांब, तुझ्या आईलाच सांगते."

आईला सांगून झालं. आईनं मला बोल लावले आणि जुन्या लुगड्याच्या चुंबळी शिवून दिल्या. एक चुंबळ दिली की एक बिल्ला मिळायचा.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, एका सरकारी कचेरीत चपराशी होते. छातीवर तिरका लाल पट्टा आणि पट्ट्यावर पितळी बिल्ला. जिल्हा वेगळा झाला तसे जुन्या जिल्ह्याच्या नावाचे बिल्ले सरकारनं परत घेतले. नवे यायचे होते, ते येईनात. आबांचं जेवण कमी झालं. "बिल्ल्याबिगर साहेबाच्या दाराम्होरं हुबं राहायचं म्हंजे लई बेइज्जती हाय," ते म्हणायचे. मला त्यांची दया येत होती आणि रागही. माणसाची किंमत पट्ट्यावरच्या पत्र्यानं ठरते का? पण त्यांची ठरत होती.

एका सकाळी त्यांनी माझा डबा उघडला, सगळे बिल्ले घोंगडीवर मांडले आणि एक उचलला. खाली गोल गोळा, वर उसळलेल्या ज्वाळा.

"हे बेस हाय. कलश, वर आंब्याची पानं. नव्या जिल्ह्याला शुभ."

"आबा, तो बाँब आहे. पेटलेला. गोळ्यावर काही कोरलेलं नाही, म्हणजे इंग्लंडच्या राणीच्या महालावर पहारा देणारी पलटण. कोरलेलं असतं तर दुसरी."

"जाळ असा असतोय का? पानं हायत ही."

मी पुस्तक दाखवलं. त्यांनी ते उलटं धरून बघितलं आणि बिल्ला पट्ट्याला लावला.

गल्लीतल्या बाया आणि कचेरीत येणारी माणसं बिल्ल्याला हात जोडू लागली. पाऊस नाही म्हणून अर्ज घेऊन आलेल्या माणसाला दारातच कलश भेटला, तर तो दुसरं काय करणार? औशाकडचा एक म्हातारा तर आबांच्या छातीला हळद लावून गेला. आबांचं जेवण वाढलं. मी मात्र रोज रात्री ताटावर बसून सांगत होतो की तो बाँब आहे, आणि ते रोज म्हणत होते की लेका, तुला पुस्तकाचं याड लागलंय.

मग बदलून नवे साहेब आले. सरकारी पट्ट्यावर परक्या फौजेची खूण आहे, अशी कुणीतरी कागाळी केली. याचा मुलगा असले बिल्ले ओळखतो, हेही सांगितलं असणार, कारण मला कचेरीत बोलावणं आलं. आबा टेबलासमोर ताठ उभे होते. त्यांच्या मानेवर घाम होता. नोकरीवर बेतलं होतं.

"हे काय आहे, नीट सांगा," साहेब मला म्हणाले. "खरं असेल तर यांना निलंबित करावं लागेल."

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी माझ्या विषयातला प्रश्न विचारत होतं.

"कलश आहे साहेब," मी म्हणालो. "वर आंब्याची पानं."

आबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या ताटातली भाकरी उचलली.

"न्हाई साहेब. बाँब हाय," ते म्हणाले. "महालावरच्या पलटणीचा. गोळ्यावर काय कोरलेलं न्हाई, बघा. माझ्या पोरानं पुस्तकात बघून सांगितलंय. आता माझ्यापायी खोटं बोलाय लागलंय."

साहेबांनी बिल्ला हातात घेऊन उलटसुलट केला. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आबांकडे. मग तो ड्रॉवरमध्ये टाकला आणि म्हणाले, "जा. पुन्हा असलं काही लावू नका."

आम्ही दोघं घरी निघालो. त्यांच्या छातीवर नुसता लाल पट्टा होता. गल्लीत टँकर उभा होता. मावशींनी पट्टा पाहिला आणि विचारलं, "कलश कुटं गेला?"

"कलश नव्हता त्यो. बाँब व्हता."

"अन् मग इतके दिस आम्ही हात कशाला जोडले?"

"ते मला काय ठावं?" आबा म्हणाले आणि मला दंडाला धरून पुढं केलं. "ह्याला इचारा. ह्याला समदं कळतंय."