कालवाच्या अंड्याचं चलच्चित्र

जिवंत पेशी दुभंगताना पाहणं म्हणजे सृष्टीच्या आरंभाला साक्षी राहणं, असं मी व्याख्यानांतून वर्षानुवर्षं सांगत आले. माझ्या पहिल्या चित्रफितीत ती दुभंगली तेव्हा मी घड्याळ पाहत होते.

ऐंशीनंतरची गोष्ट. मुंबईत संशोधन संपवून मी मालवणकडच्या एका कॉलेजात शिकवायला आले. येताना माझ्या सरांनी त्यांचा जुना चित्रफितीचा कॅमेरा वर्षाच्या बोलीने दिला होता. सूक्ष्मदर्शकाला तो जोडून एका तरी अंड्याचं विभाजन जिवंतपणी टिपलं तर कॅमेरा माझ्याकडे राहणार, नाहीतर परत.

अंडी मी कालवांची निवडली, कारण ती दारात येत. ओहोटीला खडकावरून कालवं काढणारी मावशी टोपली उतरवता उतरवता विचारी, "बाये, खावच्या वस्तूचे फोटो कसले काढतस गो? शिजय नि खा!"

तिचं चुकत नव्हतं. माझी अंडी शिजतच होती. चित्रासाठी प्रखर दिवा लागे, आणि त्याच्या उष्णतेने ती दोन पेशी होण्याआधीच मरत. अकरा महिने मी अंडी मारली.

प्रयोगशाळेचा शिपाई जवळच्या कट्टा गावचा, घरी भातशेती आणि काजू. एके सकाळी म्हणाला, "बाई, दिव्याच्या म्होरे पाणी ठेवा. गरमी पाणी खायत."

विचार बरोबर होता, पण गोल भांड्यातून प्रकाश वेडावाकडा येई. सपाट काच हवी होती. त्याने पिशवीतून दारूची चपटी काढली. रिकामी होती.

"ही खंयची?"

"गोव्याची. शेताच्या राखणदार देवाक आणलंय. त्येचा पिऊन झाला."

चपटीत पाणी भरून ती दिव्यापुढे उभी केली. अंडी जगली! आता तासभर दर दहा सेकंदांनी कळ दाबत एकेक चित्र घ्यायचं होतं. वर्षाची मुदत संपत होती; कॅमेरा दुसऱ्या दिवशी एसटीने पाठवायचा होता.

"देवाक गाऱ्हाणा घातलात?" शिपायाने विचारलं.

"नाही."

"मगे अंडी मरतली नाय तर काय!"

मी कळ दाबायला सुरुवात केली तोवर तो नारळ घेऊन आला. मागोमाग प्राचार्य आणि निम्मा कर्मचारीवर्ग. प्राचार्य म्हणाले, "पेशी म्हणजे अखेर चैतन्यच!" आणि भाषण लांबवण्याच्या बेतात होते, पण शिपायाने डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! आमच्या बाईन आज कालवाच्या अंड्याचो फोटो काढूक घेतल्यान हा. त्येच्यात काय वाकडा-नाकडा आसात तर ता दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मुंबयच्या सायबाक बरी बुद्धी दी, आणि क्यामेरो हयच ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

असं पाच वेळा झालं, दर वेळी सगळ्यांनी मिळून होकार दिला. देवावर माझा विश्वास बेताचाच, पण गाऱ्हाण्याला गप्प बसायची सवय आमच्या घराण्यात नाही. पाचही वेळा मी सर्वांत मोठ्याने ओरडले. पाचही वेळा कळीवरचा हात हलला. कळ मात्र मी वेळेवर दाबत राहिले.

फीत धुऊन आली. एका पेशीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. मध्येच चित्र पाच वेळा थरथरत होतं. कॅमेऱ्याऐवजी मी फीत आणि टिपण सरांना पाठवलं. टिपणात चपटीला 'सपाट भिंतींची जलपेटी' म्हटलं आणि थरथरीला 'स्थानिक कंपने'.

पंधरवड्याने उत्तर आलं: कॅमेरा तिथेच राहू द्यावा. जलपेटीची कल्पना उत्तम आहे, अभ्यासासाठी तसाच एक नमुना त्वरित पाठवावा.

नमुना रिकामा करण्यासाठी शिपायाने एका दिवसाची किरकोळ रजा घेतली.