मेंढीकोटाचा चौथा गडी

मुलुंडच्या वृद्धाश्रमात दत्ताराम घाडी राहायला आला तो सत्त्याऐंशीच्या मार्गशीर्षात. पण पाऊल टाकण्याआधीच त्याने तिथे स्वतःची वाट लावून ठेवली होती. बिचाऱ्याला ते कळायला तीन आठवडे लागले.

गिरणीत त्याने अकरा वर्षं बदलीवर काढलेली. कायम कामगार आला नाही तरच बदलीवाल्याला त्या दिवसाचं काम. म्हणून दत्ताराम रोज गेटावर उभा राहून आत जाणाऱ्यांची विचारपूस करायचा. ताप उतरला का, कंबर काय म्हणते. त्यात कपट नव्हतं, थोडी आशा होती, एवढंच. आणि त्याचं कुणाला वाईट वाटत नसे, कारण सगळे त्याच रांगेतून आत गेलेले. पुढे तो कायम झाला, मग संपात गिरणी गेली, बायको गेली, आणि भांडुपची खोली लेकाच्या संसाराला पुरेना.

आश्रमात तेव्हा खाट रिकामी नव्हती. नाव यादीत लागलं. यादीत नाव लागल्यावर काय करायचं, हे दत्तारामला शिकवायला नको होतं. तो दर रविवारी जाऊन व्हरांड्यात बसू लागला. तिथे पत्ते खेळणाऱ्या चौघांत गाववाला भेटला, सीताराम, सतत खोकणारा.

"काय सीतारामभाऊ, खोकलो कसो आसा?"

सहा रविवार त्याने हेच विचारलं. सातव्या रविवारी सीतारामची खाट रिकामी होती, आणि ती दत्तारामला मिळाली.

सीताराम गेल्यावर मेंढीकोटाचा डाव मोडला होता. उरलेले तिघे रोज दुपारी पत्ते पिसत बसत आणि तसेच उठत. दत्ताराम जवळ आला की बोलणं थांबे. पंगतीत शेजारचा ताट घेऊन सरके. त्या तिघांतला काशीराम, पोस्टातून निवृत्त झालेला धिप्पाड गडी, शिंक आली की दत्तारामकडे पाठ फिरवून शिंके. कुणाला पायाचं विचारावं तर तो पाय पोटाशी घेई.

शेवटी व्यवस्था बघणाऱ्या प्रेमाताईंनी त्याला बाजूला घेतलं.

"काका, तुम्ही इथे कुणाची तब्येत विचारू नका हो. ज्याला विचारत होता तो गेला. आता यांना वाटतंय, पुढचा कोण ते तुम्ही हेरताय."

"मी कशाला हेरू? माका खाट मिळाली ना!"

"ते मला कळतं. पण त्यांना कोण सांगणार?"

दत्तारामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून त्याने तोंडाला कुलूप घातलं आणि गुपचूप पाहत राहिला. मग दिसलं की इथे कुणीच कुणाला काही विचारत नाही. गुरुवारी डॉक्टर आले की सगळे ठणठणीत. खोकायचं असेल तर माणूस मागच्या नळावर जाई.

एका सकाळी धोंडिराम चप्पल घालत होता. तोही पत्त्यांतल्या तिघांपैकी, मूळचा साताऱ्याकडचा, कमी बोलणारा. पाय भाकरीसारखे फुगलेले, चपलेत जाईनात.

"चप्पल आटली," तो म्हणाला.

"चामडं आटतंच," दत्ताराम म्हणाला.

धोंडिरामने पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ पाहिलं. दुपारी काशीरामने पायाने खुर्ची पुढे ढकलली. "बस रे. चौथा गडी नाही आपल्याला."

दत्ताराम इतका सुखावला की पहिला डाव कसा हरला तेही त्याला कळलं नाही. आठवडाभर रोज खेळ. समोर भिडू धोंडिराम, बाजूला काशीराम आणि ऐकू कमी येणारे मास्तर. हसणं, शिव्या, चहा. कायम झाल्याचा कागद हातात पडला, त्या दिवशीसुद्धा त्याला एवढं बरं वाटलं नव्हतं.

आठव्या दिवशी चारच्या सुमारास त्याच्या डाव्या खांद्यातून कळ निघाली आणि मनगटापर्यंत उतरली. छातीवर कुणी गुडघा रोवावा तसं झालं. कपाळावरून घाम ओघळून हातातल्या पत्त्यावर पडला. प्रेमाताईंची खोली दहा पावलांवर होती, दार उघडं होतं. पण तिथे जाऊन सांगायचं म्हणजे ही खुर्ची सोडायची.

त्याने धोंडिरामकडे पाहिलं. धोंडिरामने तो थेंब पाहिला होता. एक शब्द जरी विचारला असता, तरी दत्तारामने सगळं सांगून टाकलं असतं. मास्तरांनी नजर पत्त्यांत घातली. काशीराम छताकडे बघू लागला.

"टाक ना रे, उतारी तुझी," तो वरच बघत म्हणाला.

मेंढीकोटात दश्शी जिवापाड जपायची असते. दत्तारामला आता पत्ते नीट दिसत नव्हते. बोटाला आला तो त्याने टाकला. बदामाची दश्शी निघाली, आणि काशीरामने एक्का टाकून ती सरळ उचलली.

एवढ्या चुकीवर कुठलाही भिडू पत्ते फेकून अंगावर आला असता.

"बरोबर खेळलास," धोंडिराम खाली बघत म्हणाला.