रूपरावची मेंबरशिप आणि शेंद्र्या आंबा

रूपराव झाडे हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये छत्तीस वर्षं ग्रेडर होते. ग्रेडर म्हणजे कापूस पाहून त्याची जात सांगणारा माणूस. कापसानं भरलेली बंडी, म्हणजे बैलगाडी, आत आली की शेतकरी म्हणायचा, "पाहा रूपरावभाऊ, चांदी हाय चांदी!" रूपराव म्हणायचे, "वर चांदीच असते गड्या. मले पोटातला दाखव." मग बाही वर सारायची आणि कोपर दिसेनासं होईल इतका हात कापसात खुपसायचा. आतली मूठ बाहेर काढून गालाला लावायची. ओल बोटांना फसवते, गालाला नाही फसवत. गाल थंड पडला की रूपराव म्हणायचे, "वला हाय." तिथं बोलणं संपलं. मग त्या शेतकऱ्यानं महादेवाची शपथ घेतली तरी रूपराव दुसऱ्या बंडीकडे चालू लागायचे.

हा हात नोकरीपुरता राहिला नाही. बाजारात वांगी घेतली तर टोपल्याच्या बुडातली. पोरीसाठी स्थळ पाहायला गेले, तर बैठकीत चहा थंड होऊ दिला आणि मागच्या आंगणात जाऊन न्हाणीघर पाहून आले. आनंदाबाई, त्यांची बायको, आजही सांगते, "मले पाह्यले आले तवा माया बापाच्या कोठ्यातली बैलं पाहून होकार देल्ला. माया तोंडाकडं नंतर पायलं यायनं."

अशा माणसाला सहलीची मेंबरशिप विकायला कंपनीवाले निघाले होते.

झालं ते असं. भाचीच्या लग्नाची लुगडी घ्यायला दोघं नागपूरला गेले होते. दुकानाच्या दारात एका पोरीनं कागद पुढं केला, नाव आणि मोबाईल लिहायला सांगितलं. आठव्या दिवशी फोन: तुम्हाला बक्षीस लागलं, रविवारी हॉटेलात या, पण जोडीनं या.

"मले काऊन बलावते?" आनंदाबाई म्हणाली. "कागद त तुमी भरला."

"दोघायच्या देखत माल देत असन."

"देत असन का घेत असन?"

गेले. वातानुकूलित हॉल, गोल टेबलं, टेबलागणिक एक जोडपं आणि एक टाय घातलेलं पोट्टं. मधूनमधून घंटा वाजायची. कोणी सही केली की घंटा, आणि सगळ्यांनी टाळ्या. आनंदाबाई पहिल्या घंटेला हात जोडून उभी राहिली. तिला वाटलं आरती सुरू झाली.

त्यांच्या टेबलावरचा पोरगा अंकित, मूळचा आष्टीचा, बापाचं किराणा दुकान. आपल्याच जिल्ह्याचा म्हणून रूपरावचं मन थोडं सैल झालं. त्यानं पडद्यावर डोंगर दाखवले, समुद्र दाखवला, बर्फ दाखवला. त्यानं रूपराव हलले नाहीत. मग एक लांब जेवणाचं टेबल आलं. म्हातारा-म्हातारी डोक्याशी, दोहीकडे लेक, सून, पोरगी, जावई, नातवंडं. सगळे एका वेळी हसत होते. तिथं रूपरावची नजर अडकली.

त्याचं कारण होतं. पोरगा कैलास पुण्याला, पोरगी वर्षाली नागपूरला दवाखान्यात नर्स. दोघं एका वेळी घरी आले त्याला चार वर्षं झाली होती. दिवाळीला एक, संक्रांतीला दुसरी. भांडण नव्हतं. भांडण असतं तर चार माणसं बसवून मिटवता आलं असतं. जमत नव्हतं, एवढंच. आणि न जमण्याला कुठून धरावं ते रूपरावला कळत नव्हतं.

अंकित म्हणाला, "काका, आमच्या हॉटेलात वर्षातले सात दिवस. पंचवीस वर्षं. हे सात दिवस तुमचे म्हनजे तुमचेच. तिथं तुमची जागा पक्की."

'जागा पक्की' म्हटल्याबरोबर रूपराव हॉलमधून उठून गेले. म्हणजे बसले तिथंच होते, पण मन वेणा नदीच्या काठावर पोचलं.

त्यांच्या गावाखाली वेणेच्या वळणावर मारोतीचं देऊळ आहे. चैताच्या पुनवेला यात्रा. कापसाचा हंगाम आटोपलेला, वावरं रिकामी, जिनिंगला कुलूप. आदल्या दिवशी दुपारीच बंड्या निघायच्या. बंडीत गवऱ्या, कणकेचं पोतं, वांगी, तेलाची बरणी आणि त्यावर पोट्टे. नदीत पाणी कमी, पण डोहात पोहण्यापुरतं. रेतीत भोयांच्या डांगरवाड्या, म्हणजे खरबुजांचे मळे. रात्री डांगराचा वास असा यायचा की झोपलेलं पोट्टं उठून बसायचं. चार दिवस मुक्काम. गवऱ्यांच्या इस्त्यात कणकेचे जाड गोळे, म्हणजे रोडगे, भाजायचे, राख झटकायची, तुपात बुडवायचे. वांग्याच्या भाजीत तिखट इतकं, की जावईलोक रडत खायचे आणि अजून मागायचे.

काठावर आंब्याची सतरा झाडं. एकेका घराचं एकेक झाड. कुणी दिलं, कधी दिलं, कागद नाही. झाडे घराण्याचा तो शेंद्र्या, कारण पाडाला आला की देठाशी शेंदरासारखा लाल व्हायचा. झाडाखाली चुलीचे तीन दगड. यात्रा संपली की रूपरावची माय मनकर्णाबाई ते दगड उलटे करून ठेवायची, काजळीची बाजू भुईला. म्हणजे हे घर पुढच्या वर्षी येणार. सुतकामुळे कोणी आलं नाही तर दुसऱ्यानं त्या सावलीत खुशाल बसावं, पण चूल आपले दगड आणून मांडावी. उलट्या दगडाला कोणी हात लावत नसे.

आणि बोलावणं नसे. कोणी कोणाला "या" म्हणत नसे. रूपरावच्या तीन बहिणी तीन तालुक्यांत दिल्या होत्या. पुनवेच्या आदल्या सांजेला तिघींच्या बंड्या शेंद्र्याखाली सुटलेल्या असायच्या. एका वर्षी मधली आली नाही, तर मनकर्णाबाईनं तिचा रोडगा राखेत तसाच ठेवला. ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली, चाक मोडलं होतं. माय एवढंच म्हणाली, "खाय. कडक झाला असन."

मग मोटारसायकली आल्या. लोक सकाळी येऊन नारळ फोडून दुपारी घरी जाऊ लागले. बैलं विकली गेली. चैतात पोरांच्या परीक्षा येऊ लागल्या. बंद करू असं कोणी म्हटलं नाही. शेवटचे दगड कोणत्या वर्षी उलटे केले, तेही रूपरावला आठवत नव्हतं.

"काका?" अंकितनं पेन पुढं केला. "ऑफर आजच्यापुरती हाय."

रूपराव परत आले. "कापसाचा व्यापारी बी असंच म्हने, की भाव आजच्यापुरता हाय. कागद देजो मले."

कागदाचा गठ्ठा त्यांनी मागून वाचायला घेतला. कोपरापर्यंत हात. "दरसाल देखभालीचे पैसे लागते म्हन्ते. नाई गेलो तरी?"

"हो काका."

"उनायाच्या सुट्ट्यायसाठी मेंबरशिप येगळी, महाग. एका खोलीत चार मोठे. आमी त आठ जन."

"दोन खोल्या घ्या ना."

"रोडगे लावता येते का मांगच्या आंगनात?"

अंकित हसला, पण खरं बोलला. "नाई काका. धूर झाला की गजर वाजते."

"हे बरं केलं तुनं, खरं सांगतलं." कागदाची घडी करून रूपराव उठले. "आठ दिवस दे मले. आठ दिवसानं नाई टिकली तर तुयी ऑफर वलीच होती समज."

बक्षीस म्हणून कुकर मिळाला. शिट्टी निघाली नाही आतून.

घरी आठ दिवस तेच चाललं. रूपरावनं अंगणातल्या बाजेवर बसून दोन्ही बाजू पाहिल्या. निवृत्तीची रक्कम पोस्टात पडून आहे, जीव गेल्यावर तिचं काय लोणचं घालायचं? आनंदाबाईनं समुद्र पाहिला नाही. स्वच्छ खोली, आयतं जेवण, तिच्या कंबरेला आराम. उलट बाजूला दरसालचा खर्च, सहा महिने आधी जागा धरायची, आणि पंचवीस वर्षं.

"तुमी आता सहासष्ट," आनंदाबाई लसूण सोलत म्हणाली. "सरता सरता एक्यान्नव. तवा तुमी मले नेसान का मी तुमाले उचलून नेईन?"

"पोट्ट्यायच्या नावावर होते ते."

"पोट्टे येईन तवा ना."

"काऊन नाई येनार? दिवस पक्के, जागा पक्की. बस. आपल्या बहिनी येत नोहोत्या का?"

"पोट्ट्यायले इचारलं का पन?"

रूपरावला खरोखर राग आला. "इचाराचं काय त्यात? शेंद्र्याखाली कोनं कोनाले इचारलं होतं?"

आनंदाबाईनं लसणाची परडी बाजूला ठेवली. "हे पाहा, छत्तीस वर्ष लोकायच्या बंडीत कोपरापर्यंत हात घातला. एक डाव घरच्या बंडीत घाला."

रूपराव बाजेवरून उठले. मग कैलासला फोन लावला.

"अरे वा बाबा, मस्त आयडिया!" कैलास म्हणाला. "तुमी घेऊन टाका."

"कोनत्या आठवड्यात येसान?"

"एप्रिल त नाई जमनार, कंपनीचं काम असते. मे मध्ये पोराचे क्लास. दिवाळीत तिच्या माहेरी... तुमी घ्या ना, आपन पाहू. वर्षाली येऊन राह्यली का?"

वर्षालीला लावला. ती ड्युटीवरच होती, मागं कोणाची तरी सलाईन संपल्याची हाक ऐकू आली. "बाबा, ड्युटीचा तक्ता महिन्याआधी लागते. सहा महिन्याआधी कसं सांगू मी? दादा येत असन त पाहीन. येऊन राह्यला का तो?"

फोन ठेवून रूपराव उगीच आपल्या गालाला हात लावून बसले.

"काय म्हन्ते?" आनंदाबाईनं विचारलं.

"पाहू म्हन्ते. दोघंई."

"मंग?"

"वला हाय," रूपराव म्हणाले.

नवव्या दिवशी अंकितचा फोन आला. ऑफर अजून टिकून होती, वर बॅग देऊ म्हणत होता. रूपराव म्हणाले, "बाप्पा, तुया माल खराब नाई. ज्याचे पोट्टे मोकळे असन, त्यानं घ्याव. वल आमच्या बंडीत निघाली." अंकितला ते कळलं की नाही कोण जाणे. त्यानं पुढच्या वर्षी फोन करू का विचारलं. रूपराव म्हणाले, "कर. पन कुकरची शिट्टी आदी पाठव."

पण त्या दोन फोननंतर रूपराव आपल्यावरच चिडले होते. आपण बोलावत नाही आणि ते येत नाहीत म्हणून बसून राहतो. बहिणींना बोलवावं लागलं नाही, कारण त्यांच्या सासरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात पुनव आपल्याच घरच्यासारखी उगवायची. पोरांच्या भिंतीवर ड्युटीचा तक्ता. त्यांना पुनव कोण सांगणार?

चैत लागायला महिना होता. त्यांनी दोघांना फोन केला. विचारलं काही नाही, सांगितलं. "पुनवेच्या आदल्या दिसापासून मी आन तुयी माय शेंद्र्याखाली हाव. चार दिवस. गुरुवारची पुनव हाय. लिहून ठेवजो."

एसटीनं गेले, पुढं ऑटोनं. आनंदाबाईनं वाटेत दोनदा विचारलं, "झाड असन ना?" झाड होतं. विजेच्या तारेसाठी नदीकडची मोठी फांदी कापलेली, त्यामुळे सावली वाकडी पडत होती. बाकी झाडांखाली मोटारसायकली. पालापाचोळा काठीनं उकरला तर दोन दगड सापडले, काजळी भुईला. तिसरा नव्हता. आनंदाबाई शोधत फिरली. रूपरावनं देवळाच्या नव्या ओट्याच्या बांधकामावरची एक वीट मागून आणली.

पहिली रात्र दोघंच. डांगरवाडी एकच उरली होती, तरी वास तोच. कंबर धरली म्हणून आनंदाबाईनं भरपूर शिव्या दिल्या, झाडाला, रूपरावला आणि त्या हॉटेलच्या गाद्यांना, ज्या दोघांनी नाकारल्या होत्या.

पुनवेला रोडगे भाजून झाले. दोघांना चार पुरले असते, आनंदाबाईनं सोळा लावले होते. दुपारी वर्षाली आली, पोरीला स्कूटीवर घेऊन. एका रात्रीची ड्युटी मैत्रिणीशी बदलून घेतली होती. तिनं आल्या आल्या राखेत हात घातला, रोडगा काढला, तिखट भाजी खाल्ली आणि डोळे पुसत म्हणाली, "आजी याच्याहून बी तिखट करे."

कैलास आला नाही. वर्षालीनं त्याला मोबाईलवर लावून दिलं. पडद्यावर तो ऑफिसच्या जिन्यात उभा होता. तिनं मोबाईल फिरवून झाड दाखवलं, चूल दाखवली.

"वीट काऊन हाय?" कैलासनं विचारलं.

"तिसरा दगड हरवला," रूपराव म्हणाले.

थोडा वेळ जिन्यातले पाय वाजत राहिले. मग कैलास म्हणाला, "बाबा, पुढच्या सालची पुनव कोन्त्या तारखेले येते?"

रूपराव वर्षालीकडे पाहू लागले. पुढच्या सालचं कॅलेंडर अजून छापलंही नव्हतं. वर्षालीनं मोबाईलमध्ये शोधून तारीख सांगितली. "मंगळवार हाय दादा."

"मंगळवार," कैलास म्हणाला. या वेळी तो 'पाहू' म्हणाला नाही. "आताच सुट्टी टाकून ठेवतो. कंपनीनं उडवली तर मंग सांगीन."

रूपरावनं लगेच काही ठरवलं नाही. गालाला लावायला अजून एक वर्ष होतं.

चौथ्या दिवशी ऑटो आली. आनंदाबाईनं दोन दगड उलटे केले आणि वीट हातात घेऊन उभी राहिली. "हिले देवळावर वापस देऊ का?"

"राहू दे," रूपराव म्हणाले. "काजळी लागली तिले आता."

तिनं वीटही उलटी करून ठेवली.