घानाची कराटे आणि मरियमबीचं तिकीट

आमचा हमदुल्ला दुबईत रास अल खोरच्या एका गोदामात स्टोअरकीपर होता. जुन्या गाड्यांचे सुटे भाग सांभाळायचा. देह असा, की क्रेन बंद पडली तर इंजिन उचलायला यालाच हाक मारत. असा हा गडी जगात एकाच व्यक्तीला टरकून असे. ती म्हणजे त्याची सासू, मरियमबी.

सत्त्याण्णव साली त्याच्या बायकोला, हमीदाला, दुसऱ्या खेपेचे दिवस भरत आले, म्हणून मरियमबी रत्नागिरीहून शारजात, रोल्ला भागातल्या त्यांच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आली. आठवड्याभरात बाई पार कोमेजली. खिडकीबाहेर दुसऱ्याची खिडकी, खाली गाड्या आणि घरात एसीची घरघर.

"पायाखाली माती नाही, बाबा. माझं परतीचं तिकीट काढ," तिनं फर्मावलं.

सासू गेली तर बाळंतपण कोण करणार? हमदुल्लाला बाळ हातात कसं धरायचं हेही धड माहीत नव्हतं. पहिल्या मुलीला, दुआला, त्यानं रेडिएटरसारखं दोन्ही हातांनी छातीशी आवळलं होतं.

"अम्मा, शुक्रवारी मस्त सिनेमा बघू, मग ठरवू," तो म्हणाला आणि व्हिडिओवाल्या मुश्ताककडे धावला.

"हिंदी सगळ्या कॅसेट खलास," मुश्ताक म्हणाला. "ही एकच उरली. घानाची कराटे."

"घानात कराटे?"

"रोल्ल्यात थालीपीठ मिळतं ना? मग?"

शुक्रवारी नमाज आणि जेवण उरकून सगळे टीव्हीसमोर बसले. सिनेमा म्हणजे कमाल होती. लाथ आधी बसायची, आवाज सावकाश यायचा. गुरुजींची दाढी कापसाची होती. ती मारामारीत पडली, तेव्हा खलनायकानंच अदबीनं उचलून दिली.

"नानी, इट्स सो फेक!" दुआ किंचाळली.

हमदुल्ला मनातल्या मनात विमानाचं भाडं दिरहममधून रुपयांत मोजू लागला.

तेवढ्यात मरियमबी ताठ बसली. "अगो हमीदा, माड बघ! तांबडी माती! आणि त्या होड्या… ही तर आपली वाडी!"

पडद्यावर खलनायक किनाऱ्यावर वाळत घातलेल्या मासळीवरून पळत सुटला.

"मेल्या, सुकट तुडवलीस! हाण त्याला!" मरियमबी कडाडली. नायकानं हाणला. "अरे, आता मासळी गोळा कर ना! नुसता उभा काय राहतोस?"

सिनेमा संपला. "बाबा, मागे घे," ती म्हणाली.

"फाइट बघायची, अम्मा?"

"फाइट काय करायचीय? मासळी दाखव."

हमदुल्लानं चित्र थांबवलं. थरथरत्या पडद्यावर बोट ठेवून मरियमबी दुआला सुकट कशी वाळवतात ते शिकवू लागली. पोरीला काही कळेना, पण नानीचं बोट कुठं जातंय ते ती बघत राहिली.

अखेर हमदुल्लानं धीर केला. "अम्मा, ते तिकिटाचं…"

"कसलं तिकीट? पोर होऊ दे आधी. आणि सकाळी बाजारातून ताजे बांगडे आण. गॅलरीत वाळत घालते."

चौथ्या मजल्यावर बांगडे! खालचा वॉचमन, शेजारचे लेबनानी साहेब, वरच्या मॅडम, सगळ्यांचे चेहरे हमदुल्लाच्या डोळ्यांसमोरून गेले. त्यानं आठवड्याभराचा श्वास एकदम सोडला.

"किती किलो, अम्मा?"